वीस किलोच्या चोवीस गोणी

आमच्या ह्यांनी चार वर्षं खपून विमानाचा पंख बनवला आणि एके दिवशी सकाळी चहा पिता पिता मला म्हणाले, "आता तो मोडतो का ते बघायचं."

मी म्हटलं, "मोडायचाच होता तर बनवलात कशाला?"

मी बोलायला फटकळ आहे हे पनवेलमध्ये निम्म्या गावाला ठाऊक आहे, कारण निम्मं गाव माझ्या वर्गात बसून गेलंय. पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवायचे मी. हे माझ्या अगदी उलट. तळोज्याला रसायनांच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. दिवसभर पंप आणि व्हॉल्व्ह यांच्याशी जे काय बोलत असतील तेवढंच. घरी आल्यावर मोजून चार वाक्यं. कारखाना डबघाईला आला तेव्हा ह्यांनी लवकर निवृत्ती घेतली आणि सहा महिन्यांनी जेवता जेवता सांगितलं की मी विमान बनवतोय. मी भाजी वाढत होते, वाढतच राहिले. म्हटलं, रिकामपणाचं खूळ आहे, चार दिवसांत उतरेल.

उतरलं नाही. उरण रस्त्याला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या जागेत ह्यांनी पत्र्याची शेड घातली आणि रोज सकाळी डबा घेऊन तिकडे जायला लागले, पूर्वी पाळीला जायचे तसेच. विमान एका माणसापुरतं. अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, वरून कापड, छोटंसं इंजिन. जागेचा मालक येताजाता डोकावायचा. पनवेलला विमानतळ होणार होणार म्हणून तेव्हा नुसती हवा होती. तो हसून म्हणायचा, "सरकारचा इमानतळ कवा व्हायाचा तवा होल, आमचे शेतान इमान पयलं आयलं बगा." हेही हसायचे. मी एकदाच विचारलं होतं की ह्या वयात हे कशाला. म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांनी बनवलेली मशिनं दुरुस्त केली. एक तरी आपण बनवावं."

पण मला भीती वाटायची. उगाच गोल गोल बोलत नाही, मला विधवा व्हायचं नव्हतं. ह्यांच्या डब्यात पोळ्या भरताना दर वेळी तोच विचार मनात यायचा.

तर तो पंख. ह्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. विमान सरळ जात असलं तर पंखावर विमानाचंच वजन असतं. पण झपकन वळलं किंवा वाऱ्याचा झटका बसला की पंखाला तेच वजन तिप्पट-चौपट वाटतं. तेवढं त्याला पेलतं का, हे वर जाऊन कळून उपयोग नाही, खालीच कळायला हवं. म्हणून पंख उलटा करायचा, लोखंडी चौकटीला घट्ट बांधायचा आणि त्याच्यावर वजन चढवायचं. हवा त्याला खालून वर उचलते, आपण उलटा ठेवून वरून खाली दाबायचा. पंखाला दोन्ही सारखंच. डावा-उजवा एकाच मापाचे, त्यामुळे एकाची परीक्षा म्हणजे दोघांची. ह्यांच्या हिशेबानं एका पंखावर चारशे ऐंशी किलो चढवायला हवे होते. वीस किलोच्या चोवीस गोणी.

"कसल्या गोणी?" मी विचारलं.

"रेतीच्या. अंदाजानं भरू."

अंदाजानं! मी तिथल्या तिथे उसळले. म्हटलं, "तुम्ही त्याच्यात बसणार आणि वजन अंदाजपंचे? ते काही नाही. मी तोलून देते." विमानात मी पहिल्यांदा हात घातला तो असा. भीतीपोटीच घातला, दुसरं काही नाही.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. रेतीबंदरावरून रेती आली. आमच्याकडे खाडीची रेती कशी येते ते पनवेलकरांना सांगायला नको. ट्रक पुढे आणि मागे रस्त्यावर पाण्याची धार. तशीच ती ओली रेती शेडपाशी ओतली गेली. काटा दिला एका भंगारवाल्या चाचांनी. त्यांचं दुकान बाजारातल्या जुन्या मशिदीच्या अंगाला. जासईकडच्या कंटेनर यार्डातून भंगारात आलेले लोखंडी अँगल ह्यांनी त्यांच्याकडूनच घेतले होते आणि चौकट त्याचीच बनवली होती. काटा मोठा, छताच्या आढ्याला टांगायचा, खाली गोणी अडकवायचा आकडा. चाचा म्हणाले, "न्या मॅडम. घाई नाही. फक्त अमानत आहे, सांभाळा."

दोन रविवार मी ती रेती तोलली. खताच्या रिकाम्या गोणी धुऊन घेतल्या होत्या. एकेक भरायची, टांगायची, काटा वीसच्या पुढे गेला तर ओंजळभर काढायची, मागे राहिला तर मूठभर घालायची. मग दाभणानं तोंड शिवायचं. प्रत्येक गोणीवर ऑइलपेंटनं क्रमांक आणि खाली मोठ्या अक्षरात २०. हे बघत होते आणि गालात हसत होते. म्हणाले, "बाई, पेपर तपासताय की रेती भरताय?" शंभर पानी वहीत मी तक्ता आखला. गोणीचा क्रमांक, वजन, पंखावरची जागा. माझं अक्षर छान आहे. फळ्यावर लिहून लिहून बसलेलं अक्षर आहे ते, आणि मला त्याचा गर्व होता, आजही आहे.

परीक्षा त्याच महिन्यात व्हायची होती, पण पंखाला आधार देणाऱ्या दांडीची फिटिंग चुकली. टर्नरनं दुसरी करून देईपर्यंत संक्रांत गेली. मग माझं शाळेचं स्नेहसंमेलन, मग ह्यांचा खोकला. गोणी शेडमध्ये पत्र्याखाली रचलेल्या, तशाच. पत्रा दुपारी असा तापायचा की आत उभं राहवत नसे. मार्च उजाडला.

परीक्षेच्या दिवशी ह्यांचे कारखान्यातले दोन जुने सोबती मदतीला आले. पंख उताणा बांधलेला, अजून कापड न चढवलेला, नुसत्या नळ्या आणि फासळ्या. खाली, मोडला तर आपटू नये म्हणून जुने टायर. ह्यांनी एक अट घातली होती: "सगळ्या गोणी मी स्वतः उचलणार, तुम्ही फक्त जागेवर लावायच्या." मी वही घेऊन स्टुलावर. मी ओरडले, "एक!"

ह्यांनी पहिली गोण उचलली आणि क्षणभर तशीच धरून उभे राहिले. मला वाटलं, कंबरेत लचक भरली. म्हटलं, "अहो, सांभाळून." त्यांनी गोण सोबत्याच्या हातात दिली आणि दुसरीकडे वळले.

आता खरं ते सांगते. त्या दिवशी मी देवाला मनातल्या मनात विनवत होते की मोडू दे. दहाव्या गोणीला मोडू दे, पंधराव्याला मोडू दे. मोडला की हे चार दिवस खिन्न बसतील, मग शेड आवरतील आणि घरी येतील. प्रत्येक आकडा ओरडताना मी पंखाकडे बघायचे. टोक खाली वाकत होतं, अठराव्याला वीतभर वाकलं. नळ्या कुरकुरायच्या, पण मोडत काही नव्हतं. चोविसावी गोण चढली. ह्यांनी घड्याळ लावून पाच मिनिटं मोजली. पंख होता तिथे होता.

सोबत्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वहीत लिहिलं: "२४ × २० = ४८० किलो. पंख टिकला." खाली सही केली आणि तारीख घातली, सवयीनं. पेढे आणले होते ते वाटले. ह्यांनी पेढा हातात घेतला आणि तसाच हातात ठेवला. मी म्हटलं, "खा की. पास झालात." तेव्हा अर्धा तोडून तोंडात टाकला.

मग कापड चढलं. पांढरंशुभ्र कापड ताणून, त्यावर लेप देऊन, वाळवून, पुन्हा लेप देऊन. ढोलकीच्या पुडीगत ताठ. कडेला ह्यांनी लाल पट्टा ओढला. परवानगीच्या कागदांसाठी किती खेटे घातले होते, ते कागदही आले. शेजारची भाताची खाचरं कापणीनंतर रिकामी होती, मालकानं मधले बांध सपाट करून दिले. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सकाळी सात वाजता पहिलं उड्डाण ठरलं. हे घरात शीळ घालायला लागले. तीस वर्षांच्या संसारात मी ह्यांची शीळ ऐकली नव्हती! आणि त्या शिळेमुळे माझीसुद्धा भीती थोडी बसली होती. म्हटलं, तोललंय आपण सगळं, वहीत आहे.

त्या रविवारच्या आधीचा बुधवार. हे इंजिनाचं काहीतरी आणायला मुंबईला गेले होते. भंगारवाले चाचा टेम्पो घेऊन शेडवर काटा न्यायला येणार म्हणून मी शाळेतून परस्पर तिकडे गेले. पेपर तपासायचे होते, गठ्ठा बरोबरच घेतला होता. चाचा आले, काटा आढ्यावर होता तो बघितला आणि म्हणाले, "मॅडम, बुरा नका मानू. काटा परत घेताना मी तपासून घेतो. तुमच्यावर भरोसा आहे, पण अब्बांची शिकवण आहे. बाहेर गेलेला काटा तपासल्याशिवाय दुकानात घ्यायचा नाही."

"तपासा की," मी म्हटलं. "ही काय वीस किलोची गोण, लावा."

त्यांनी गोण लावली. काटा साडेसतरावर थांबला.

चाचांचा चेहरा पडला. "काटा बिघडला मॅडम."

माझं डोकं तडकलं. म्हटलं, "मी हात लावला नाही हो तुमच्या काट्याला. पाच महिने तिथेच टांगलाय." त्यांनी दुसरी गोण लावली. साडेसतरा. तिसरी, साडेसतरापेक्षा जरा कमी. मग ते टेम्पोतून आपली लोखंडी वजनं घेऊन आले, शिक्का मारलेली, दहा-दहाची दोन. काट्याला लावली. वीस. बरोब्बर वीस.

"काटा ठीक आहे," चाचा खूश होऊन म्हणाले. "तुमची रेती सुकली. ओली भरली असेल." काटा उतरवला, टेम्पोत ठेवला, सलाम करून निघून गेले. त्यांच्या दृष्टीनं गोष्ट तिथे संपली होती.

मी गोणीवर मटकन बसले. गोण माझ्याखाली सैल होती. शिवली तेव्हा टम्म होती, आता पोट रिकामं झालेल्या पिशवीसारखी. पाच महिने माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी बघितलं नाही. मांडीवर पाचवीच्या पेपरांचा गठ्ठा. वरच्याच पेपरात तिसरा प्रश्न: ओले कपडे उन्हात का वाळतात? पोरांनी लिहिलं होतं, कारण पाण्याची वाफ होऊन ती हवेत मिसळते. मी त्या उत्तरांना सकाळपासून बरोबरच्या खुणा करत होते. मलाच माझी लाज वाटली.

हिशेब मी तिथेच, पेपराच्या पाठीमागे केला. चोवीस गोणी, प्रत्येकी साडेसतरा. चारशे वीस. पंखानं पेलले ते चारशे वीस, चारशे ऐंशी नाहीत. साठ किलो कमी. साठ किलो म्हणजे माझं वजन. माझ्याएवढं ओझं त्या पंखावर चढवायचंच राहून गेलं होतं, आणि रविवारी हे त्याच पंखावर वर जाणार होते.

तुम्ही म्हणाल, लगेच सांगायचं की. मलाही आता तसंच वाटतं. पण त्या संध्याकाळी हे मुंबईहून आले ते शीळ घालतच. मी पानं वाढली आणि गप्प बसले. गुरुवारी शाळेतून आल्यावर सांगू म्हटलं, नाही सांगितलं. शुक्रवारी सकाळी तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर आमटीत मीठ ठीक आहे ना. मनाशी म्हणत होते, चारशे वीस म्हणजे काय कमी आहे? हे कुठे गिरक्या मारणार आहेत? सरळ जातील, सरळ येतील. आणि खाली, अगदी तळाला, दुसरं होतं. सांगायचं म्हणजे माझी वही खोटी, माझं अक्षर खोटं, बत्तीस वर्षं शिकवलेलं पालथ्या घड्यावर पाणी. नवऱ्याचा जीव एका बाजूला आणि माझा ताठा दुसऱ्या बाजूला, आणि तीन दिवस ताठ्याचं पारडं जड होतं. मेलं, लिहितानासुद्धा हात थांबतो.

शनिवारी सकाळी ह्यांनी थालीपीठ मोडलं आणि म्हणाले, "उद्या तू येशील ना? लांब उभी राहा, पण ये." तेव्हा मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. चाचा, काटा, साडेसतरा, चारशे वीस. एका दमात, वर न बघता.

मला वाटलं होतं, रागावतील, निदान घास खाली ठेवतील. त्यांनी घास चावला, गिळला, पाणी प्यायले.

"मला माहीत आहे," म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"गोणी हलक्या होत्या ते."

"कधीपासून?"

"पहिली उचलली तेव्हापासून. तीस वर्षं वजनं उचलली गं मी. हाताला कळतं."

मला आधी ते नीट ऐकूच आलं नाही. मग आलं. "मग बोलला का नाहीत?"

ह्यांनी बराच वेळ ताटातल्या दह्यात बोट फिरवलं. "तू वहीत वीस लिहिलं होतंस. म्हटलं, वहीत आहे ते खरं, आपला हात म्हातारा झाला असेल." आणि मग जे बोलले ते मी विसरणार नाही. "तो पूर्ण वजनाला टिकणार नाही, असंही वाटत होतं. पुन्हा चार वर्षं माझ्याकडे नाहीत."

माझा संताप संताप झाला. मी ताट उचलून ओट्यावर आपटलं. म्हटलं, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही बसणार होतात! आणि पडला असतात तर? लोकांनी वही उघडली असती. त्यात कोणाचं अक्षर आहे? कोणाची सही आहे? जन्मभर मी ती वही घेऊन बसले असते, की मी तोललं होतं, मी तोललं होतं. तुम्ही माझ्या अक्षरामागे लपलात!" आणि मी रडले. रडायला आलं की माझा आवाज चढतो. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

त्यात माझे तीन दिवस मी सांगितलेच नाहीत. चाचा कधी येऊन गेले ते ह्यांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही. त्यांच्या गुन्ह्यावर एवढं तोंडसुख घेणारी मी, माझा गुन्हा मात्र गिळून बसले.

त्याच दुपारी हे शेडवर गेले. मी मागून गेले, चाचांच्या दुकानात थांबून काटा पुन्हा मागून घेतला. चाचांनी का म्हणून विचारलं नाही. शेडमध्ये पोचले तेव्हा ह्यांनी उजवा पंख विमानावरून उतरवून उताणा केला होता आणि हातात ब्लेड होतं. कापड ठेवून गोणी चढवता येत नाहीत. मी दारातच थांबले. त्यांनी लाल पट्ट्यापासून सुरुवात केली आणि एका सरळ रेषेत फाडत गेले. ते ताणलेलं कापड फाटताना जो आवाज येत होता तो मला सोसेना, मी बाहेर बांधावर जाऊन बसले.

रविवारी सकाळी उड्डाणाच्या ऐवजी परीक्षा. सोबती आले ते हार घेऊन आले होते. त्यांना काय सांगायचं ते ह्यांनीच सांगितलं. सगळ्या गोणी मी रात्री जागून उसवून पुन्हा भरल्या होत्या, ह्या वेळी सुकी रेती. आणि एक नवा नियम: गोण पंखावर जाण्याआधी काट्यावर जाणार, त्याच क्षणी. ह्यांनी पहिली गोण काट्यावरून उतरवून हातात घेतली आणि मोठ्यानं म्हणाले, "वीस." मी काट्याचा आकडा आधीच लिहिला होता, वीस. दुसरी. "वीस." तिसरी. "वीस." असं प्रत्येक गोणीला.

एकविसावी चढली. मी म्हटलं, "चारशे वीस. मागच्या वेळेइतकं झालं." जागेचा मालक दारात तंबाखू मळत होता, त्याचा हात थांबला.

बाविसावी ठेवली आणि काकडी मोडावी तसा आवाज झाला. दांडी जिथे जोडली होती तिथून हातभर पुढे कण्याची नळी, म्हणजे पंखाची मुख्य नळी, दुमडली, टोक टायरांवर येऊन बसलं, आणि गोणी एकामागून एक घरंगळल्या. एक फुटली. रेती सांडत राहिली.

मी देवाकडे हेच मागितलं होतं. मोडू दे म्हटलं होतं, मोडला. आणि मला असं रडू फुटलं की सोबत्यांना वाटलं, मला लागलं कुठेतरी.

हे तेविसाव्या गोणीवर बसले. मनगटावरचं घड्याळ बघितलं. सव्वासात झाले होते. "आत्ता मी वर असतो," म्हणाले. जागेचा मालक हलक्या आवाजात बोलला, "जाव द्या दादा. इमान परत होल, मानूस परत नाय व्हायाचा." ह्यांनी मान हलवली. मी त्यांच्या शेजारी चोविसाव्या गोणीवर जाऊन बसले.

मला वाटलं, आता संपलं सगळं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी डबा मागितला.

तो अख्खा पावसाळा शेडमध्ये गेला. मोडलेली नळी कापून ह्यांनी मला दाखवली. कण्याच्या नळीत बळकटीसाठी आत एक दुसरी नळी घातलेली होती. ती जिथे संपत होती, नेमकी तिथेच बाहेरची दुमडली होती. आतली नळी त्यांनी करवतीनं सरळ कापली होती. "इथपर्यंत ताकद आणि इथून पुढे एकदम नाही, असं झालं," ते म्हणाले. "ताकद अशी एकदम सोडायची नसते. हळूहळू कमी करत न्यायची." नवी आतली नळी दोन हात जास्त लांब घेतली आणि तिची टोकं माशानं तोंड उघडावं तशी तिरकी कापली. दोन्ही पंखांना. डाव्याचं कापडही फाडावं लागलं. मी नळीचं एक टोक धरायचे, ते रिव्हेट मारायचे. पत्र्यावर पाऊस इतका बडवायचा की बोलणं ऐकू यायचं नाही, आणि ते आम्हाला बरंच होतं. राग माझा आतून गेला नव्हता. पण हात नळी धरून होते.

कार्तिकात तिसरी परीक्षा. "वीस", "वीस", "वीस". चोवीस झाल्या. ह्यांनी आणखी चार मागितल्या. अठ्ठावीस चढल्या, टोक वाकलं, पंख टिकला. वही माझ्या हातात होती. मी ती मिटून त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, "ह्या वेळी तुम्ही लिहा." त्यांनी फिटरच्या गिचमिड्या अक्षरात लिहिलं, सही केली. पेढा अख्खा खाल्ला.

उड्डाण पौषात झालं. कोणाला बोलावलं नव्हतं. खाचरांत दव होतं. हे आत बसले, पट्टा बांधला, माझ्याकडे बघून हात केला. इंजिन लागलं, विमान खडबडत पळालं, आणि त्याची चाकं जमिनीवरून कधी सुटली ते मला कळलंच नाही. लांबच्या ताडांच्या वर गेलं. खाडीकडे वळलं. वळताना पंख तिरका झाला आणि मी जीव मुठीत धरून त्या पंखाकडेच बघत होते, माणसाकडे नाही. मनात मोजत होते, एक, दोन, तीन, अठ्ठाविसापर्यंत. पुन्हा एकपासून. सात-आठ मिनिटं असतील. उतरले, दोनदा उडी खाऊन थांबले. मी धावत गेले आणि त्यांच्या दंडावर एक चापट मारली. ते हसत होते. असा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता.

संध्याकाळी घरी आल्यावर म्हटलं, उड्डाणाचं वहीत लिहावं. पानं उलटताना मार्चमधलं ते पान समोर आलं. "२४ × २० = ४८० किलो. पंख टिकला." माझं सुंदर अक्षर, माझी सही. मी ते पान मुद्दाम ठेवलं होतं, खोडलं नव्हतं. त्याच्या खाली आता तीन ओळी होत्या, गिचमिड्या.

"गोणी हलक्या होत्या. उचलताना मला कळलं होतं, मी बोललो नाही. ह्यात हिची चूक नाही."

खाली सही. तारीख उड्डाणाच्याच दिवसाची होती. म्हणजे सकाळी, मी आंघोळीला गेले असताना, निघायच्या आधी लिहिलं होतं. परत आलो नाही आणि कोणी वही उघडली तर माझ्या अक्षरावर बोट ठेवू नये म्हणून.

हे बाहेर ओटीवर बसून शीळ घालत होते. मी वही मांडीवर घेतली. मग पेन घेतलं आणि त्यांच्या सहीखाली, माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: "मलाही कळलं होतं. मीही तीन दिवस बोलले नाही."

सही केली, तारीख घातली, आणि वही उघडीच घेऊन त्यांच्याकडे बाहेर गेले.